कॅटलॉगमध्ये नसलेली आई

विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून मला दर दोन दिवसांनी एक मेल येतो. नवीन डेटाबेस सुरू झाला आहे. संदर्भसूची कशी करावी याची ऑनलाइन कार्यशाळा आहे. प्रबंध जमा करण्याआधी वाङ्मयचौर्याची तपासणी करून घ्या. आणि प्रत्येक मेलच्या शेवटी, घरबसल्या हजारो नियतकालिकं वाचा. हे ‘घरबसल्या’ ज्याने लिहिलं त्याने आमचं घर पाहिलेलं नाही, एवढंच मी म्हणेन.

आमची वाडी वेल्हे तालुक्यात, पालीच्या पुढे, गुंजवणीच्या खोऱ्यात. मी भोरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि खोऱ्यातल्या भाताच्या जुन्या वाणांवर पीएचडी करते. म्हणजे करते असं सगळ्यांना सांगते. आमच्या शेजारच्या काकांनी राजगडावर येणाऱ्या ट्रेकर लोकांसाठी जेवणाची सोय केली आहे, आणि त्यांचं वायफाय आमच्या ओटीच्या एका कोपऱ्यापर्यंत येतं. त्या कोपऱ्यात बसलं की जगातली नियतकालिकं समोर. फक्त ग्रंथालयात शिरायला मोबाईलवर ओटीपी यावा लागतो, आणि मोबाईलला रेंज असते वर टेकाडावर, पाण्याच्या टाकीपाशी. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळे तो घरातल्या प्लगपासून हलत नाही. मी ओटीपी घेऊन खाली पळत यायचे तोवर त्याची मुदत संपलेली असायची.

यावर तोडगा आईने काढला. ती मोबाईल घेऊन टाकीपाशी जाऊन उभी राहायची, मी खालून ओरडायचे, “दाबलं गं,” आणि थोड्या वेळाने वरून आकडे यायचे. “सा... दोन... दोन... पूज्य...” शून्याला ती पूज्यच म्हणायची. ती शाळेत गेली नव्हती, पण आकडे तिला बाजारामुळे चांगले येत. हा क्रमांक कोणालाही सांगू नका, असं त्याच मेसेजात लिहिलेलं असायचं, आणि माझा ओटीपी रोज अख्ख्या वाडीला ऐकू जायचा. शेजारच्या काकू विचारायच्या, “आज लई येळ लावला गं तुझ्या विद्यापीठानं?” मी चिडायचे. आईला मात्र हे काम आवडायचं. गुरांना, माणसांना, पाखरांना हाका मारून तिचा गळा तयार झालेला होता, आणि आता तो विद्यापीठाच्या कामाला येत होता, याचं तिला कौतुक वाटायचं.

गेल्या मार्गशीर्षात आई गेली. ताप होता म्हणून वेल्ह्याला नेली, तिथून पुण्याला न्यायला सांगितलं. नसरापूर ओलांडेपर्यंतच ती आमच्यासोबत होती. त्यानंतर मी लॉगिन करणं सोडून दिलं. मार्गदर्शक सरांना वाटलं मी दुःखातून सावरते आहे. खरं तर मला त्या टाकीकडे बघवत नव्हतं.

आबा, म्हणजे माझे वडील, मुळातच कमी बोलणारे. आई गेल्यावर ते आणखी गप्प झाले. एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, “तुझ्या मोबाईलमदी तिचा आवाज न्हाई का कुटं?”

मी शोधला. नव्हता. आईला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवणं जमायचं नाही, आणि फोनवर ती दोनच वाक्यं बोलायची. जेवलीस का, आणि ठेवते. ती कोण रेकॉर्ड करून ठेवतो? चुलतभावाच्या लग्नाचा व्हिडिओ शोधून काढला. त्यात आई दोनदा दिसते, पंगतीत वाढताना तोंड हलतं आहे, कुणाला तरी आग्रह करते आहे. त्यावर व्हिडिओवाल्याने सिनेमाचं गाणं टाकलेलं. आबांनी तो तुकडा बघितला आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला.

मग त्यांना ती बाई आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी भोरला वसतिगृहात राहून बारावी करत होते तेव्हा, पुण्याच्या एक संशोधक बाई लावणीच्या दिवसांत आमच्या खाचरात आल्या होत्या. भात लावताना बायका जी गाणी म्हणतात ती त्यांना हवी होती. आबांना त्या पक्क्या लक्षात होत्या, कारण त्या बुटांसकट चिखलात बसल्या होत्या आणि आबांना त्यांनी चिखलणीचा टिलर बंद करायला लावला होता. आवाज येतो म्हणून. “म्या लांब बांधावर बसलो,” आबा म्हणाले. “तितनं काय ऐकू येतंय? बाया हसायच्या तेवडं कळायचं. ते मिळंल का गं?”

त्यांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, बघते.

त्या बाईंचा प्रबंध ग्रंथालयाच्या संग्रहात सापडला, आणि प्रस्तावनेत लिहिलं होतं की सगळं ध्वनिमुद्रण त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिलं आहे. मी भोरच्या कॉलेजातल्या संगणकावर बसले, ध्वनिसंग्रहाचा कॅटलॉग उघडला आणि आईचं नाव टाकलं. आधारवर आहे तसं, रेशनकार्डावर आहे तसं. काही नाही. नुसतं पहिलं नाव टाकलं, नुसतं आडनाव टाकलं. आमच्या वाडीचं नाव टाकलं. काही नाही. आता कागदोपत्री तालुक्याचं नाव बदललं आहे, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच, आणि कॅटलॉगही आमच्यासारखाच मागे राहिलेला. वेल्हे टाकल्यावर नोंदी आल्या. त्यांत एक होती भातलावणीची गाणी, गाणाऱ्या तिघी. दोन नावं मी ओळखली. एक शेजारच्या काकू, दुसऱ्या वरच्या आळीतल्या आत्या. तिसरं नाव मी जन्मात ऐकलेलं नव्हतं.

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. माझी आई तेव्हा खाचरात गायलीच नसेल. एखाद्या पाहुणीला पुढे करून स्वतः मागे रोपांचा तरवा उपटत बसली असेल, ते तिच्या स्वभावाला धरून झालं असतं.

घरी येऊन काकूंना विचारलं, तुमच्याबरोबर ही तिसरी कोण होती? मी नाव सांगितलं तशा काकू भाकरी थापायच्या थांबल्या. “आगं, तुझी आईच की ती. त्ये तिचं म्हायेरचं नाव. आमी किती हसलो तवा.”

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. सगळे वाकून बघतात, टाळ्या वाजतात, आणि नंतर ते तांदूळ गोळा करून ठेवतात. आईचंही असंच झालं होतं. तिचे आईवडील मी पाहिले नाहीत. एक मामा होता तो तिला आक्का म्हणायचा, आणि तोही मी कॉलेजात असताना गेला. त्यामुळे ती त्याआधी कोण होती, हा प्रश्न मला पडलाच नाही. आणि जे नाव आबांनी तांदळात लिहिलं, त्या नावानेही तिला घरात कुणी हाक मारली नाही. आबा म्हणायचे, “अगं ए.” बाकीच्यांची ती वहिनी, काकू, नाहीतर माझी आई. ते नाव वापरलं फक्त तलाठ्याने आणि रेशनच्या दुकानदाराने. आणि परवा मी, कॅटलॉगमध्ये.

ज्या मेलांना मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्यांतल्याच एकाखाली ‘ग्रंथपालांना विचारा’ असं होतं. तिथे मी लिहिलं. त्याच दिवशी उत्तर आलं, अतिशय नीट. ध्वनिमुद्रण फक्त ग्रंथालयात बसून ऐकता येतं, प्रत देता येत नाही, कारण बायकांनी ते अभ्यासासाठी दिलेलं आहे. पण गाणाऱ्या बाईंचे यजमान येणार असतील तर त्यांचा प्रवेश करून ठेवू. मला वाटलं होतं भांडावं लागेल. मी भांडायची तयारीही केली होती.

आबांना मी एसटीत सांगितलं की आईने तिथे माहेरचं नाव सांगितलं आहे. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “व्हतं काहीतरी.” मग नसरापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला ते नाव काय म्हणून विचारलं. मी सांगितलं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात आबा धुतलेला सदरा आणि टोपी घालून चालत होते आणि मुलं खाली मान घालून वाचत होती. कुणी वर बघितलं नाही. ध्वनिसंग्रहाची खोली छोटी होती. तिथल्या मॅडम माझ्याच वयाच्या. त्यांनी दोघांना एकदम ऐकता येईल असे दोन हेडफोन लावून दिले, आबांच्या टोपीवरून तो नीट बसेना तेव्हा टोपी काढायला न सांगता पट्टी मागून अडकवली. मला त्या मॅडमचे पाय धरावेसे वाटले.

आधी पाण्याचा आवाज आला. चिखलातून पाय काढतानाचा. मग संशोधक बाईंचा आवाज, एकेकीला नाव विचारणारा. काकूंनी सांगितलं. आत्यांनी सांगितलं. मग, “आणि मावशी, तुमचं?”

आईने नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिच्या आवाजात ते सहज आलं, रोज तेच सांगत असल्यासारखं. लगेच मागे हशा पिकला. काकूंचा आवाज, “आगं, हितलं सांग की.”

आणि आई म्हणाली, “हितलं हाये की समद्या कागदावर. ह्ये कुटंच न्हाई. ह्ये लिव्हा, बाई.”

मग ती हसली. मी तिची मुलगी, तिच्या कुशीत वाढलेली, पण हे हसणं मी घरात कधी ऐकलं नव्हतं. पुढे गाणं सुरू झालं.

आबांनी हेडफोन काढला. मला वाटलं त्यांना सहन होत नसेल. पण ते मॅडमना म्हणाले, “पयल्यापास्नं लावता का?” त्यांनी लावलं. पाण्याचा आवाज, नावं, हशा, ह्ये लिव्हा बाई. गाणं सुरू झालं तसा आबांनी हेडफोन पुन्हा काढला. पुन्हा पहिल्यापासून. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मॅडम एकदाही कंटाळल्या नाहीत. ज्या गाण्यासाठी आबांनी टिलर बंद केला होता, ज्याच्यासाठी आम्ही वाडीवरून आलो होतो, ते गाणं आबांनी ऐकलंच नाही.

मी हळूच म्हटलं, “आबा, पुढं आई गातीय.”

“गाती आसंल,” ते म्हणाले. “मला कवा म्हनली न्हाई ती ह्ये. येवडी वर्सं. म्याबी इचारलं न्हाई.” आणि मग माझ्याकडे न बघता, “आवाज तिचाच हाय. पर ह्या बाईशी माजं बोलनंच झालं न्हाई कवा.”

आई गेली तेव्हा आबा रडले नव्हते. आत्ताही रडले नाहीत. माझेच डोळे वाहत होते आणि मला आबांचा राग येत होता, आणि तो राग चुकीचा आहे हेही कळत होतं. मीही तिला कधी विचारलं नव्हतं. भाताच्या वाणांची जुनी नावं गोळा करत मी खोरंभर फिरले होते.

निघताना मॅडमनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. म्हणाल्या, “तुम्हाला शोधायला त्रास झाला ना? नोंदीत मी त्यांचं सासरचं नावही घालून ठेवते. यजमानांचं, गावाचंही घालू. म्हणजे पुढे घरातल्या कुणाला हवं असेल तर लगेच सापडेल. तुमची दोघांची संमती असेल तर आत्ताच करते.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ग्रंथालयाचं कामच ते. मी हो म्हणणार होते, पण मी आबांकडे पाहिलं. नाव त्यांनी ठेवलेलं होतं, तेव्हा त्यांनी सांगावं.

आबा पडद्यावरची ती नोंद वाचू लागले. त्यांना वाचता येतं, सावकाश येतं. त्यांनी तिसऱ्या नावाजवळ बोट नेलं, काचेला लावलं नाही.

“नगं,” ते म्हणाले. “तिनं सांगितलंय तेवडंच ऱ्हाऊ द्या. तिला शोधत कुनी आलंच, तर ह्याच नावानं यील.”

मॅडमनी मान डोलावली आणि नोंद बंद केली. त्या नावाने आईला शोधत येईल असं जगात कुणीही उरलेलं नव्हतं, हे आबांनाही माहीत होतं आणि मलाही.