तिसऱ्या मजल्याचं गाऱ्हाणं

मेल्यांनो, आपण शेजारी होतो हे तरी आठवतंय का, की भाड्याच्या घरांत जाऊन तेही विसरलात? मी सांगतेय, नात ह्या ग्रुपवर टाईप करतेय.

आज सकाळी आपल्या पाडलेल्या सोसायटीच्या जागेवर गेले. खाली दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या दुकानांना शटरं लागून दोन पावसाळे झाले, वर मात्र नुसत्या सळ्या. पण आज मिक्सर घरघरत होता! तिसऱ्या मजल्याचा स्लॅब. म्हणजे माझ्या स्वयंपाकघराची जमीन!

मी मुकादमाला विचारलं, "कामाआधी देवाला गाऱ्हाणं घातलंत काय रे?"

"आजी, दुकानांच्या वेळी बिल्डर साहेबांनी नारळ फोडला होता."

"तो दुकानांचा. घरांचा कुठाय?"

मग पिशवीतला नारळ मीच खाली ठेवला नि मोठ्याने म्हटलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घरात मला माझ्या पायांनी चढून जाऊ दे!"

मुकादम आपल्या कोकणातला, लांज्याचा. त्याने लगेच "व्हय म्हाराजा!" म्हटलं. त्याच्यामागे बाहेरगावची सगळी माणसंही ओरडली. अंगावर काटा आला गो!

स्लॅबच्या दिवशी कामगारांना खाऊ घालायचं असतं, म्हणून घावणे नि चटणी नेली होती. डबा क्षणात रिकामा. मुकादम म्हणाला, "चौथ्या मजल्याला पुढच्या महिन्यात हात घालू."

आता सांगा, कोण कोण येणार?

आणि सावर्ड्याला जाऊन बसलेल्या सुमन, चौथा मजला तुझा. त्या दिवशी वडे नि काळ्या वाटाण्याची उसळ पाठव. उसळ जरा जास्तच पाठव, मीही तिथेच असणार आहे.