पंपघरातलं कुंकू

सुरुवात फजितीनेच करतो, म्हणजे पुढचं वाचताना माझी पात्रता तुम्हाला ठाऊक असेल. त्या रविवारी मी सासूबाईंना, बायकोला आणि लेकीला एका जुन्या विटांच्या इमारतीसमोर उभं करून चांगलं लांबलचक लेक्चर दिलं – “आई, इथल्या पंपांनी अख्खा तलाव उपसला! ते धुराडं बघा!” सासूबाई कौतुकाने मान वर करून बघत होत्या. तेवढ्यात तिथला एक म्हातारा डच स्वयंसेवक जवळ आला आणि अदबीने म्हणाला, हा आमचा कॅफे. पंपघर तुमच्या पाठीमागे आहे.

“कॅफे पण छानच आहे हो,” सासूबाई म्हणाल्या. मधुरा, माझी बायको, हसू दाबायला कालव्यातली बदकं बघायला लागली.

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त दुसऱ्यांची टर उडवायला ऐकल्या. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये डोकं पांढरं झालंय. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही तो आम्ही सरळ बंद करून टाकतो. हा एक मात्र उघडाच राहिलाय...

आम्ही हॉलंडमध्ये, नीउ-व्हेनेपला राहतो. आमचं घर, लेकीची शाळा, पलीकडचा विमानतळ – ही सगळी जमीन एके काळी तलावाचा तळ होती. वादळात तो तलाव काठ खात सुटायचा, म्हणून लोकांनी भोवती कालवा खणला, वाफेचे पंप बसवले आणि काही वर्षं रात्रंदिवस पाणी उपसून तलावच संपवला. त्यातलं हे एक पंपघर, आता म्युझियम झालेलं. लांबून किल्ल्याचा बुरूज वाटावा असं – गोल, विटांचं, वर कंगोरे, चर्चसारख्या टोकदार खिडक्या. आणि वरच्या मजल्यावरून चहूबाजूंनी बिडाच्या अजस्र तुळया भिंतीबाहेर आलेल्या, एखाद्या दैत्याने हात पसरावेत तशा. आत मधोमध सिलिंडर. वाफेने त्यातला दट्ट्या उचलला जायचा, तुळया झुकायच्या आणि बाहेरचे पंप तलावाचं पाणी वर ओढून कालव्यात टाकायचे. वाफ कधीच बंद झाली. पण बांधणाऱ्यांचा थाट बघा... पाणी उपसायच्या कारखान्याला त्यांनी राजवाड्याचं रूप दिलं!

सासूबाई सांगलीच्या. लहानपणापासून कृष्णेत पोहलेल्या, महापुरात घरातला चिखल उपसलेल्या. आमच्या लेकीने इथल्या सगळ्या मुलांसारखा पोहण्याचा डिप्लोमा घेतलाय. मधुराही पोहते. घरात पाण्याला घाबरणारा मी एकटा.

सासूबाई दिवाळीपर्यंत राहायच्या म्हणून आल्या होत्या. पण मी, कसं सांगू, त्यांना सारखा टोकायचो. बसमध्ये हळू बोला. फोडणी देताना दार लावून घ्या. शेजारी पडदे लावत नाहीत म्हणून आत बघायचं नसतं. त्या दिवशी निघताना मधुराने मला जिन्यात गाठलं.

“आज आईला एक शब्द बोलायचा नाहीस. तिकीट अलीकडचं करून दे म्हणतेय.”

“का?”

“म्हणाली, माझ्यामुळे सुहासरावांना लाज वाटते.”

“मला? छे!” मी म्हणालो.

तर, नेमका दसरा होता. सकाळीच सासूबाईंनी गाडीला, सायकलींना, माझ्या लॅपटॉपला, एवढंच काय, हीटिंगच्या बॉयलरलाही हळदकुंकू लावलं होतं. त्यामुळे पंपघरात त्या सिलिंडरपुढे त्यांनी पर्समधून छोटा करंडा काढला तेव्हा मला नवल वाटायला नको होतं. पण मी चरकलो.

“आई, अहो –”

“याच्यामुळे तुमचं घर कोरडं ना?” त्या हळूच म्हणाल्या. “आणि दसऱ्याला असंच राहिलंय बिचारं.” एका कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत येणार नाही असं, त्यांनी लोखंडाला बोट टेकवलं. हात जोडले.

एक शब्द बोलायचा नाही, असं मधुराने बजावलं होतं ना! “चला, तुम्ही कॉफीला व्हा पुढे, मी दोन फोटो काढून आलोच,” एवढंच म्हणालो. त्या तिघी गेल्या. मी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून टिश्यू काढला, वाकलो आणि कुंकू पुसायला लागलो. कुणी बघितलं तर काय म्हणेल – हे इंडियन्स म्युझियममध्येसुद्धा...

दुसऱ्यांदा टिश्यू फिरवला आणि वरून आवाज आला. ढप्प. जडशीळ काहीतरी जागच्या जागी बसावं तसा. वर पाहिलं, तुळया स्थिर. आणि मग बुटांत गार शिरलं. आधी बोटं, मग घोटे, पोटऱ्या. मी खाली पाहिलं. फरशी कोरडी! खडखडीत! पण गारवा चढतच होता, गाळाचा वास येत होता, आणि पाय उचलला तर तो उचलेना – पाण्यात चालताना पाय जड होतो ना, तसा. टिश्यू हातातून पडला. कसाबसा भिंतीपर्यंत आलो तेव्हा ते थांबलं.

गुडघ्यांपर्यंत पँट निथळत होती.

आता कल्पना करा, अशा अवस्थेत पोटवाला मध्यमवयीन माणूस भर दुपारी गजबजलेल्या कॅफेत शिरतो. बुटांतून पचक पचक आवाज. टेबलांवरची बोलणी थांबली. लेकीने पाहिलं आणि अगदी काळजीने, त्यामुळे चांगलंच मोठ्याने विचारलं, “बाबा, डिड यू पी?”

स्वयंसेवक आजोबांनी न विचारताच किचन पेपरचा रोल पुढे केला आणि टॉयलेटकडे बोट दाखवलं. मी त्यांना विचारलं, आत कुठे गळती आहे का? ते हसले. “मिस्टर, इथे काठावर पाणी आलं तर त्याआधी खाली तळातल्या घरांत आलेलं असेल.”

मी मधुराला सांगितलं, टॉयलेटचा नळ उडाला. टॉयलेटला मी अजून गेलोही नव्हतो. सासूबाईंनी एक प्रश्न विचारला नाही. पिशवीतून नॅपकिन काढून माझ्या हातात दिला – “पाय पुसून घ्या, सुहासराव. गारठाल.”

‘पुसून’ हा शब्द ऐकून मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी मोजे काढले तर एकात नखाएवढा शिंपला. मी बाथरूममध्ये बसून सगळी शहाणपणाची कारणं तपासली – घाम, गळका पाइप, बीपीची गोळी... शिंपला कशातच बसेना. आजही बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, फक्त नळाचं नको, तो माझा होता.

रात्री बूट हीटरवर वाळत घालताना मी मधुराला सगळं सांगितलं, कुंकवासकट. वाटलं, आता चिडेल, नाहीतर हसेल. तिने माझ्या हातातला बूट घेतला.

“आईचा चष्मा आत राहिला होता,” ती म्हणाली. “तो आणायला ती परत आली होती. दारातच उभी होती.”

“म्हणजे... पुसताना पाहिलं त्यांनी?”

“पुसताना पाहिलं. आणि पाणीही पाहिलं.” तिने बूट हीटरवर ठेवला. “तिकीट बदलू नकोस म्हणालीय. म्हणाली, सुहासरावांना पोहता येत नाही.”