आतून हात हलला की

माझ्या लेकीच्या, ईशाच्या लग्नात नंदूला मी पाहुण्यांत धरलं नाही, बँडवाल्यांत धरलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्याबद्दल काही लिहायला बसलो की मी तिथेच येऊन अडतो. ऑगस्टमध्ये सुजाताचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला, "दादा, नंदू गेला," तेव्हाही डोळ्यांपुढे आला तो आमच्या फाटकाबाहेर जेवणाचा डबा हातात धरून उभा असलेला नंदू. सकाळी ट्रक काढायला म्हणून उठला आणि बाथरूममध्येच कोसळला. कोविड नव्हता, हार्ट अटॅक होता. त्याचं घर टार्निटला, आमचं मेलबर्नच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि शहर पुन्हा लॉकडाऊनमध्ये. अंत्यविधीला मोजकीच माणसं चालणार होती. त्या मोजक्यांत मी नव्हतो. लॅपटॉपवर बघितलं. मधेच चित्र थांबलं, पुन्हा सुरू झालं तेव्हा हॉल रिकामा होता... माझी बायको हॉस्पिटलच्या शिफ्टला गेली होती. मी बराच वेळ त्या रिकाम्या खुर्च्या बघत बसलो.

नंदू मिरजेचा. कुकरीच्या कोर्सला स्टुडंट व्हिसावर आला आणि आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिला. ईशा तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागली होती. ती त्याच्याशी इंग्रजीत भांडायची, तो मिरजेच्या मराठीत उत्तरं द्यायचा, आणि दोघांचं उत्तम जमायचं. पुढे त्याला पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, लग्न झालं, घर झालं, स्वयंपाकघर सोडून तो ट्रक चालवायला लागला. पण आमच्याकडे येताना बेल कधी वाजवली नाही, सरळ मागच्या दाराने आत. त्याचे वडील, आण्णा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि कॉलेजपर्यंत तोही त्यांच्याबरोबर ट्रंपेट वाजवायचा, हे इथल्या मराठी मंडळात कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं. आण्णा वारले त्या वर्षी आमच्या अंगणात बसून त्यानेच सांगितलं होतं. "आण्णांनी अख्खी हयात लग्नं वाजवली दादा, पण अंतरपाट कधी बघितला नाही. बँड मांडवाच्या दारात थांबतो. मंगलाष्टकं संपली की आतून कुणीतरी हात हलवायचा, की आपण बाहेर फुंकायचं. जेवण शेवटच्या पंगतीला, नाहीतर बांधून."

"वाईट वाटायचं?" मी विचारलं होतं.

"भूक लागायची," तो म्हणाला आणि हसला.

ईशाचं लग्न ठरलं ते पहिला मोठा लॉकडाऊन उठल्यावर, डिसेंबरात, आमच्याच अंगणात. सीमा बंद, भारतातून कुणी येणार नाही. मी म्हटलं, वाजंत्रीचं काय, ब्लूटूथ स्पीकर लावू. नंदू भडकला. "स्पीकर? मग नवरापण झूमवरच आणा की! लेकीचं लग्न हाय का ऑफिसची मीटिंग?" आणि आठवड्याभरात त्याने एक मेक्सिकन बँड शोधून काढला. हॉल बंद असल्यामुळे ती मंडळी रविवारी नदीकाठच्या पार्कात सराव करायची. ट्रंपेट, क्लॅरिनेट, एक भला मोठा ढोल आणि अजगरासारखा अंगाभोवती वेढलेला ट्यूबा. कुणी टाइल्स बसवणारा, कुणी ऑफिसं साफ करणारा. त्यांचा म्होरक्या रामिरो. नंदूने कपाटातलं जुनं ट्रंपेट काढलं आणि दर रविवारी त्यांच्यात जाऊन उभा राहू लागला. मला तिथून फोन करायचा. "ऐक दादा, ऐक! ठेका आपल्या वरातीचाच हाय. ट्यूबावाला तर मिरजेचाच वाटतोय, फक्त मिशी जरा जास्त." इतक्या आनंदात मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

लग्न तोंडावर आलं तेव्हा कोविडच्या नियमाने ठरवलेल्या आकड्यात पाहुण्यांची मोजणी बसेना. व्याह्यांची माणसं कमी करणं शक्य नव्हतं. काम करायला आलेली माणसं, म्हणजे भटजी, केटरर, फोटोग्राफर, बँड, पाहुण्यांत मोजायची नव्हती. माझं डोकं अशा हिशेबात चांगलं चालतं; ऑफिसात तेच तर करतो. नंदूला फोन केला. "असं करू या का, तू बँडबरोबरच ये. तसाही वाजवणारच आहेस. म्हणजे मोजणीत येणार नाहीस. सुजाताला लिंक पाठवतो."

त्याने विचारलं, "म्हणजे बाहेर?"

"अरे फाटकापाशी. दिसेल सगळं तिथून."

"नो वरीज, दादा."

त्या दोन मोकळ्या झालेल्या जागांवर मी माझ्या मॅनेजरला आणि त्याच्या बायकोला बोलावलं. हे नंदूला मी कधीच सांगितलं नाही. त्याने ते बघितलंच असणार.

बँड झकास वाजला. शेजारीपाजारी खुर्च्या घेऊन आपापल्या लॉनवर येऊन बसले. रामिरोने नंदूलाही जरीकामाचं लाल जाकीट दिलं होतं. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं तेव्हा मीच मांडवाच्या कनातीबाहेर आलो आणि फाटकाकडे बघून हात वर केला. नंदू माझ्या हाताकडेच टक लावून उभा होता. हात हलला, त्याने ट्रंपेट ओठांना लावलं, मागून ट्यूबा दणाणला, आणि आत अक्षता पडल्या. पुढे मीच फाटकावरून डबे दिले. त्याने डबा घेतला आणि विचारलं, "अंतरपाट कुणी धरला होता, दादा? कनात आड आली, दिसलं नाही."

मला आण्णा आठवायला हवे होते. मी म्हणालो, "मावसभावांनी," आणि घाईने आत गेलो.

नाताळात तो नेहमीसारखा चिवडा घेऊन आला. या खेपेला त्याने बेल वाजवली. मला ते कळलं. नंतर पुन्हा लॉकडाऊन आणि फोनवरच्या गप्पा: लस घेतली का, ईशा कशी आहे. एकदा मी धीर करून म्हणालो, "नंदू, त्या लग्नाच्या दिवशी..." तो म्हणाला, "फ्रीवेवर आहे दादा, संध्याकाळी कर फोन." मी संध्याकाळी फोन केला नाही. आज नको, निवांत भेटून बोलू, असं स्वतःला समजावलं.

तो गेल्यावर सुजाताला सगळं सांगितलं, मॅनेजरचंसुद्धा. ती म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन त्याने पिठलं-भात करून खाल्ला. डबा उघडलाही नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला, मसाले जास्त होते." मग म्हणाली, "तेव्हाच बोलला असतात ना दादा, तर दोन शिव्या देऊन मोकळा झाला असता तो. मला सांगून काय होणार आता?"

घरी माणसं बोलवायची परवानगी मिळाली तेव्हा गेल्या रविवारी मी सुजाताला आणि रामिरोच्या सगळ्या बँडला जेवायला बोलावलं. वाद्यं आणा असं सांगितलं नव्हतं, तरी घेऊन आले आणि सवयीने फाटकापाशीच थांबले. रामिरोने विचारलं, "कुठे उभे राहू, मेट?" मी म्हटलं, आत. त्यांनी दाराबाहेरचे आमचे चपला-बूट बघून आपले बूट काढले, वाद्यं व्हरांड्यात ठेवली आणि संकोचून जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर बसले. वाढायला मी आणि ईशा. वरण वाढताना उघड्या दारातून लक्ष गेलं. ट्यूबाला टेकून नंदूचं ट्रंपेट बाहेरच ठेवलेलं होतं. सुजाताने ते रामिरोला द्यायला आणलं होतं.

मी भांडं खाली ठेवलं, ट्रंपेट उचलून आत आणलं आणि पंगतीतल्या पहिल्या जागेवर, सुजाताशेजारी ठेवलं. त्याच्यापुढे ताट मांडलं. भात, वरण, लिंबाची फोड. ईशा म्हणाली, "बाबा, इट्स ओके." नव्हतं ते ओके. मी खाली बसलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "नंदू, तुझं पान इथे होतं रे. मी ते फाटकाबाहेर दिलं. चुकलो मी. मला माफ कर."