शिवडीच्या चिखलातल्या माझ्या काठ्या

दादरला उतरले तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं आणि फुलबाजारातला शेवंतीचा वास पुलाखाली भरून राहिला होता. चिपळूणहून वर्षभरात मी इथे कितीतरी वेळा आले. तरी उतरल्यावर पहिला अर्धा तास आपण अजून झोपेतच आहोत असं मला दर वेळी वाटतं. ती अवस्था मला आवडते, म्हणून चहासुद्धा उशिराच घेते.

माझं काम ऐकून गावाकडे लोक हसतात. समुद्र चढतोय, ऊन वाढतंय. अशा वेळी राखून ठेवलेल्या रानात माणसाने हात घालावा की ते त्याचं त्याला सोडून द्यावं, हे ठरवणाऱ्यांना माहिती पुरवायची, एवढंच माझं संशोधन. राखीव रान म्हटलं की डोळ्यांसमोर वाघ येतो. माझ्या वाट्याला आलं शिवडीचं खाजण (भरतीला बुडणारी, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जमीन). एका अंगाला तिवरांची (खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांची) राई, दुसऱ्या अंगाला गोदामं आणि तेलाच्या टाक्या. चढत्या समुद्राला आडोसा म्हणून मधल्या मोकळ्या चिखलातही तिवरं लावायची का, असा प्रश्न होता. त्याच दुपारी लागवड ठरवणाऱ्यांच्या दादरच्या कचेरीत मला उत्तर द्यायचं होतं, आणि ते लिहून पिशवीत तयार होतं: लावायला हरकत नाही, कारण या पट्ट्यात माणसांचा वावर नाही.

लालबागला मावशीकडे पिशवी टाकली. फाल्गुनात त्या गल्लीत मिरच्या कुटायचं काम जोरात असतं. मी जिना शिंकतच चढले. मावशीचं सासर मालवणकडचं, त्यामुळे तिची भाषाही आता तिकडचीच.

"इलंस? आधी घावणे खा, मगे खंय जावचा तां जा."

चार घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार पोळे) आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन शिवडीला पोचले. ओहोटी लागली होती. धुक्यात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. त्या मधल्या जागेत फ्लेमिंगो उभे होते, माना खाली घालून, आपसात काहीतरी पुटपुटत. पाणी मागे सरेल तसे तेही हळूहळू मागे सरत होते. मी किती वेळ बघत राहिले, आठवत नाही. आपण कामाला आलोय याचा विसर पडणं बरं नाही, पण पडतो.

चिखलात माझ्या बांबूच्या बारा काठ्या रोवलेल्या होत्या. चिखल किती चढला, किती उतरला, ते त्यांच्यावरच्या खुणांवरून मोजायचं. शेवटची मोजणी घ्यायला उतरले आणि चौथ्या काठीजवळ गुडघ्यापर्यंत रुतले. पाय ओढला तर दुसरा आणखी खोल गेला.

"बाय, हलू नको! आडवी हो, आडवी!"

काठावर एक कोळीण उभी होती. साठीची असावी, लुगडं वर खोचलेलं, कमरेला टोपली. भराभर चालत ती माझ्या पहिल्या काठीपर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"येऊ काय आत?"

मी पोटावर आडवी, तोंडात चिखल, आणि ही परवानगी मागतेय! "या हो मावशी, लवकर या!" मी ओरडले. मग तिने मला दोन्ही हातांनी ओढून काढलं. एक बूट तिथेच राहिला.

काठावर बसून तिने मला तिच्याकडची तांदळाची भाकरी आणि सुकट दिली. नाव हिराबाई, इथल्याच कोळीवाड्यातली. निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) आणि चिंबोऱ्या (खेकडे) धरून विकते. जरा वेळाने तिने विचारलं, "वरीस झालं, तुला काय गावत तर नाय. मग काठ्या हलवत का नाय?"

"मासे धरायच्या नाहीत त्या. मोजायच्या आहेत."

"कशाच्या का असंना. काठी ती काठी. दुसऱ्याची काठी असली की आमी त्या जागेत शिरत नाय."

"म्हणजे आधी तुम्ही इथे यायचात?"

"आमी सगल्याच. हीच तर चांगली जागा, तू रुतलीस ती खाच सोडली तर पाय खोल जात नाय. आता तिकडे धक्क्याच्या पुढे जावं लागतंय. कमरेएवढा चिखल. गुडघा गेला माजा."

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"काठीवाल्याला उठ म्हणतात काय कोण?"

मला भयंकर लाज वाटली. प्रत्येक फेरीत मी वहीत लिहिलं होतं, माणसांचा वावर नाही. जागा रिकामी मीच केली होती, आणि मीच ती रिकामी म्हणून झाडांना देऊन टाकायला निघाले होते. ते झाडांचं हिराबाईला सांगितलं आणि उद्या ओहोटीला परत येते म्हणून उठले.

दुपारी एका पायात लालबागच्या मावशीची चप्पल आणि दुसऱ्या पायातही तिचीच, अशी मी कचेरीत गेले. तिथले साहेब शांत गृहस्थ. "मग लावायची ना रोपं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझं वर्ष चुकलंय. आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण मिटलं.

"काठ्या काढा," म्हणाले. "यंदा लागवड नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बघू, तेव्हा त्या बायकांना घेऊन या. पण चूक कशी झाली ते तुमच्या सहीने लिहून द्या."

लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पुन्हा शिवडी. हिराबाई आणि आणखी चार बायका टोपल्या घेऊन काठावर थांबल्या होत्या. मी म्हटलं, जरा हात लावा. एकीनेही लावला नाही.

"तुजी काठी, तूच काढायची," हिराबाई म्हणाली.

एकेक काठी हलवून, पिळून उपटताना हात सोलवटले. बारावी निघाली तशा बायका चिखलात उतरल्या. कुणी घाई केली नाही. पलीकडे फ्लेमिंगो जरासे सरकले आणि पुन्हा चरू लागले. हिराबाई ओणवी होऊन चिखलात हात घालत होती, आणि ती उन्हात गेल्यावर मला तिची नुसती पाठ दिसत होती.

"झाडं लावणार काय मग?" तिने तिकडूनच विचारलं.

"माहीत नाही. पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही."

"विचारा. सांगू आमी."

चिपळूणला परतले. माझं वर्ष फुकट गेलं म्हणून आमच्या संस्थेत सगळे हळहळले, चहा पाजला. हिराबाईचंही गेलं, त्याबद्दल हळहळायला तिथे कुणी नव्हतं. म्हणून हे लिहिलं.