पत्र्याखालची भोकं

ही हकीकत मी इतकी वर्षं टाळत आलो. घरात कुणी उजनीच्या पाण्याचा विषय काढला की मी उठून बाहेर जायचो. बायकोला वाटायचं, मला पाण्याची भीती आहे. तसं वाटू दिलं.

परवा एका लग्नात जेवायला बसलो होतो. शेजारचा एक अनोळखी माणूस भाकरीवर शेंगाचटणी घेता घेता सांगायला लागला, की धरण नवीन होतं तेव्हा तिकडं एक लाँच चालायची. तिचा नावाडी दिवसाउजेडी पिऊन असायचा. डावं-उजवं कळेना त्याला, नेऊन घातली लाँच विहिरीवर. "होडीवाल्याच्या हातात मोटर दिली की असंच व्हायचं की," असं म्हणून तो हसला. पंगत हसली. मीही हसलो. त्या हसण्याचा मला एवढा संताप आला की जेवण तसंच टाकून उठलो. तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्यानं जे ऐकलं होतं तेच तो सांगत होता, आणि ते खोटं पहिल्यांदा पसरलं तेव्हा मी शेजारी उभा होतो.

तो नावाडी कधी प्यायचा नाही. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सोलापुरात एका ठेकेदाराच्या गॅरेजमध्ये फिटर होतो. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, पाण्याचे पंप, काहीही आलं तरी उघडायचं आणि चालू करून द्यायचं. धरणात पाणी चढलं, जुने रस्ते त्याखाली गेले आणि काल समोरासमोर असलेली गावं एकमेकांना परकी झाली. बाजाराला जायचं तर लांबचा वळसा. मालकांनी हे हेरलं आणि कोकणातून एक जुनी लाँच ट्रकवर घालून आणली. माणशी पैसे घेऊन या काठावरून त्या काठावर.

ती चालवायला त्यांनी भीमेवरचा एक जुना नावाडी ठेवला. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. नदी होती तेव्हापासून मामा नाव चालवत होते. कुठल्या शेतात विहीर होती, कुठं बाभळी होत्या, कुठं देवीचा ओटा होता, हे सगळं बुडालं तरी त्यांच्या डोळ्यांपुढं कोरडंच होतं.

लाँच वळवायच्या चाकाची एक खोड होती. चाकामागच्या रिळावर तारेचा दोर उलटा गुंडाळलेला होता, त्यामुळे चाक डावीकडं फिरवलं की लाँच उजवीकडं जायची. आम्ही गॅरेजवाल्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून घेतलं. मामांना मात्र त्यात काहीच वावगं वाटलं नाही. होडीच्या सुकाणूचा दांडा असाच चालतो. दांडा डावीकडं लोटा, होडी उजवीकडं वळते. जन्मभर त्यांच्या हाताला तेच ठाऊक. "ह्यो चाक न्हाय मिस्त्री, दांडाच हाय, गोल केल्याला," असं ते म्हणायचे.

मग एकदा मालक पाहुण्यांना घेऊन आले. कुणी मोठी माणसं होती. मालकांनी मामांना बाजूला केलं आणि स्वतः चाक धरलं. जीप चालवायची सवय. त्यांनी डावीकडं वळवलं, लाँच उजवीकडं गेली. घाबरून आणखी डावीकडं वळवलं, ती आणखी उजवीकडं गेली आणि काठाच्या चिखलात नाक खुपसून बसली. एक पाहुणा म्हणाला, "मालक, तुम्ही रस्त्यावरच बरे." सगळे हसले. मालकही हसले, पण त्यांचं तोंड मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर मला बोलावलं. "ते चाक काढून टाक. जीपसारखं बसव. डावीकडं म्हणजे डावीकडं. आणि मधी नको, उजव्या बाजूला बसव, जीपसारखं. वरनं फळी अशी कर की कुणाला कळू नये हितं काय होतं."

मी भंगारातल्या एका जीपचं स्टेअरिंग काढलं, त्याला नवीन रीळ लावलं आणि काठावर ताडपत्री ताणून कामाला बसलो. दोर सरळ गुंडाळला. चाक उजवीकडं नेलं. काम उत्तम झालं होतं, हे मी आजही म्हणतो आणि त्याचाच मला राग येतो. जुन्या जागी डॅशबोर्डच्या मधोमध चाकाच्या दांड्याचं मोठं भोक राहिलं, भोवती बोल्टांची भोकं, आणि इतकी वर्षं लाकडावर बसलेला चाकाच्या बैठकीचा काळा गोल. त्यावर मी ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बसवला. स्क्रू मारले असते तर इंजिनाच्या हादऱ्यानं ढिले झाले असते, म्हणून रिव्हेट मारले. वरून सगळ्या फळीला एकच राखाडी रंग दिला. हात फिरवला तरी कळू नये असं.

मामा सगळा वेळ शेजारी बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "मिस्त्री, चाक चांगलंच हाय. पण माझं हात जुनं हायती. चार दिस रिकामी फिरवू द्या. माणसं बसवू नका तंवर."

"मालकांना सांगा की."

"मी सांगून काय ऐकत्यात? तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात."

मी म्हणालो, "मामा, ट्रकवर कालचं पोरगं दोन दिवसांत शिकतं. तुम्हाला काय अवघड आहे?"

"पोरगं शिकतंय, कारण त्याला आदी काय येतच न्हाय," मामा म्हणाले. "मला येतंय, त्याचीच तर अडचण हाय."

हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं आणि मी मालकांना सांगितलं नाही. भीती नव्हती. मला ते फालतू वाटलं. आयुष्यात पाण्यात पाऊल न घातलेला, चार चाकांपलीकडं काही न शिकलेला माणूस मी, आणि मला वाटलं, वळवणं म्हणजे वळवणं, त्यात काय शिकायचं. बाजाराचा दिवस होता. मालकांना पैसे बुडवायचे नव्हते. लाँच भरली.

मी मागे इंजिनापाशी उभा होतो, नवीन दोर ताणतो का ते बघायला. पहिली फेरी नीट गेली. मामा हळू चालवत होते, प्रत्येक वळणाआधी हात थांबवत होते, मनात उलटं करून घेत होते. परतीच्या फेरीला एका बुडालेल्या विहिरीपाशी आलो. उन्हाळा असल्यानं पाणी उतरलं होतं आणि विहिरीचा दगडी कठडा पाण्याबाहेर आला होता. तो डाव्या हाताला ठेवून मामा रोज जायचे. तेवढ्यात कठड्याआडून जाळंवाल्याची होडी एकदम पुढ्यात आली. विचार करायला वेळ नव्हता. जिथं विचार संपतो तिथं हात काम करतात. मामांच्या हातांनी चाक डावीकडं मारलं. जुन्या चाकावर लाँच उजवीकडं सुटली असती. नव्या चाकावर ती डावीकडं गेली आणि कुशीनं कठड्यावर आदळली.

मी ते हात पाहिले. लाँचवर दुसऱ्या कुणी पाहिले नसतील, मी पाहिले.

कडेला टोपली घेऊन बसलेल्या एका बाईचा हात लाँच आणि दगडाच्या मध्ये सापडला. माणूस कुणी गेलं नाही. पण त्या बाईची बोटं गेली. तिचा आवाज मी इथं लिहिणार नाही.

चौकशीला एक साहेब आले. लाँच काठावर ओढली होती. मालक, मामा, मी आणि गावातली माणसं. मालकांनी आधीच कुणाकुणाच्या कानात घातलं होतं, की मामांच्या तोंडाला दारूचा वास येत होता म्हणे. मामा साहेबांपुढं उभे राहिले आणि डॅशबोर्डच्या मधोमध हात ठेवून म्हणाले, "सायेब, चाक हितं व्हतं. ह्या पत्र्याखाली भोकं हायती. चाक बदललंय, फिरवायचं उलटं केलंय. मिस्त्रींना इचारा."

साहेबांनी फळीवरून हात फिरवला. एकसारखा राखाडी रंग. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काय आहे याखाली?"

मालक माझ्याकडं बघत नव्हते. ते पाण्याकडं बघत होते, आणि तेच जास्त वाईट होतं.

मी म्हणालो, "मीटर बसवायची जागा आहे साहेब. रंगकाम केलंय फक्त."

मामा माझ्याकडं वळले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली वाकले आणि बोटांनी पत्र्याची कड चाचपायला लागले, नखानं उचकटायला लागले. स्क्रू असते तर त्यांनी तिथल्या तिथं उघडून दाखवलं असतं. गर्दीतला एकजण म्हणाला, "सोडा मामा, उतरली न्हाय वाटतं अजून." लोक हसले. साहेब जीपकडं चालायला लागले. नावाड्याचा निष्काळजीपणा, एवढ्यावर प्रकरण मिटलं.

मला मालकांचा राग आहे. ते गेले, त्यांच्या फोटोला हार पडतात, आणि त्यांनी पाण्यावरच्या गावांसाठी काय काय केलं ते लोक भाषणात सांगतात. त्या साहेबांचा राग आहे. माझ्या पान्यांच्या पेटीत छिन्नी होती, ती मागून घेऊन पत्रा उचकटायला त्यांना किती वेळ लागला असता? हसणाऱ्यांचा राग आहे. पण हे सगळे राग मी इतकी वर्षं एकापुढं एक मांडतो ते एवढ्यासाठीच, की माझी पाळी शेवटी यावी. साहेबांनी मला विचारलं होतं. एक वाक्य होतं. नोकरी गेली असती; मी फिटर होतो, दुसरीकडं लागलो असतो. मामांना मात्र त्यानंतर कुणी साधी होडीही दिली नाही. नदीवरचा माणूस, आणि पोरंसोरं त्याला 'डावं-उजवं' म्हणून हाक मारायची.

मी एकदा त्यांच्याकडं गेलो. बरीच वर्षं झाली होती, मालकांची नोकरीही सोडली होती. ठरवून गेलो होतो, वाटेत एसटीत शब्द जुळवत होतो. मामा दारात बसून कुणाचं तरी जाळं सांधत होते. मला ओळखलं.

"या मिस्त्री. लई दिसांनी."

"इकडंच आलो होतो."

"बसा की. च्या टाका गं," ते आत बघून म्हणाले.

चहा आला. मी म्हणालो, "मामा, त्या लाँचचं..."

"इकली म्हणं मालकांनी."

"हो. विकली."

"बरं झालं. इंजान लई धूर मारायचं."

त्यांच्या सुनेनं दारातून माझ्याकडं पाहिलं. मी कोण हे तिला माहीत होतं, ते तिच्या नजरेत दिसलं. मामांनी सुईत दोरा ओवला. त्यांनी मला थांबवलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. त्यांनी थांबवलं नव्हतं. ते गप्प बसले होते, मी बोलावं म्हणून. चहा संपला. मी यंदा पाऊस कसा होईल ते विचारलं. मग एसटीची वेळ झाली म्हणून उठलो.

पुढं कळलं की ते वारले. कुठं जाऊन सांगणार आता? त्या सुनेला सांगायला हवं, पण तिच्या दारापर्यंत जायला माझे पाय तयार होत नाहीत आणि तेही मी वयावर ढकलतो. एसटीत जे जुळवलं होतं ते एवढंच होतं: मामा, चाक मी उलटं केलं. तुम्ही चार दिवस मागितले, ते मी मालकांपर्यंत नेले नाहीत. पत्रा मी मारला आणि साहेबांपुढं खोटं बोललो. तुम्ही शुद्धीत होता, तुमचे हात शुद्धीत होते, चूक माझी होती. मला माफ करा.