बर्फाखाली नसलेलं तेल

ती इथं विषुववृत्ताजवळ, आमच्या बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये आली तेव्हा शीतखोली तिला मीच दाखवली होती, हे आधी सांगून ठेवते. बाहेर घामाच्या धारा, आणि आत आम्ही जाडजूड जॅकेटं घालून टाकीत समुद्राचं पाणी गोठवायचो. ती नागपूरची, माझ्याहून बरीच लहान, तोंड भरून 'ताई' म्हणणारी. वर्षभरात प्रमुखांचं तिच्यावाचून पान हलेना. मला तिचा मत्सर वाटायचा, आडपडदा कशाला? रविवारी विहारात आम्ही शेजारी बसायचो. सगळ्यांचं मंगल होवो म्हणताना मी तिला तेवढी वगळायचे.

आमचं काम बर्फाखालचं तेल शोधण्याचं. तेल पाण्यापेक्षा हलकं. जहाजातून सांडलं की ते बर्फाच्या तळाला जाऊन टेकतं आणि तिथल्या खळग्यांत साचतं. थंडी टिकली तर त्याच्याही खाली नवा बर्फ धरतो आणि तेल सँडविचमधल्या चटणीसारखं मध्ये अडकतं. वरून पाहावं तर सगळं पांढरंशुभ्र. म्हणून आम्ही बर्फावरून रडारची पेटी ओढतो आणि परत येणारे तरंग स्क्रीनवर वाचतो.

त्या वर्षी उत्तरेला, खऱ्या गोठलेल्या समुद्रावर चाचणी होती आणि आमच्यातल्या एकीलाच जाता येणार होतं. टाकीतल्या बर्फावर इतकी वर्षं काढल्यावर मला तिथं जायचंच होतं. लोकरीच्या अस्तराचे बूटसुद्धा घेऊन ठेवले होते, पुंगोलच्या फ्लॅटबाहेर, चपलांच्या रॅकवर. शेजारीण विचारायची, कुठं चाललात? मी नुसती हसायचे.

निवड लॅबच्या पद्धतीनं झाली. एकीनं दुसरीच्या टाकीत बर्फाखालून नळीनं तेल सोडायचं, जागा सांगायची नाही, आणि नवा बर्फ धरला की दुसरीनं ते शोधायचं. टाकीत काहीच न सोडण्याचीही मुभा होती. नसलेलं तेल नाही म्हणून ओळखणं, हीसुद्धा परीक्षाच.

मी लपवलेलं तेल तिनं जेवणाच्या सुट्टीआधी शोधलं. मग माझी पाळी. स्क्रीनवर एका कोपऱ्यात पुसटशी रेघ दिसत होती. समुद्राच्या बर्फाचा तळ खारट, भुसभुशीत असतो, तिथले तरंग असेच विस्कटतात. हे तिला शिकवलं मीच. पण ही बया मला सोपं कोडं घालेल? छे! कोपऱ्यातच लपवणार, तेही थेंबभर, मी हरावं म्हणून. तिचा डाव ओळखल्याच्या आनंदात मी ठणकावून सांगितलं, "इथं आहे."

ड्रिलनं बर्फाचा दांडा बाहेर काढला. वरपासून खालपर्यंत स्वच्छ पांढरा. प्रमुखांनी हुंगून पाहिला आणि माझ्या हातात दिला.

"ताई, मी काहीच सोडलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही लगेच ओळखाल."

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. मला ते रडारवर दिसलं.

निघायच्या आधी ती निरोप घ्यायला घरी आली आणि दारातच थबकली. "ताई, असे बूट कुठं मिळाले हो?"

तुला व्हायचे नाहीत, असं मी म्हणणार तोच इथंच वाढलेली माझी लेक इथल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलत बाहेर आली. "मम्मी, सेम साइज लाह! यू नॉट गोइंग व्हॉट. गिव्ह हर लाह."

तिनं घालून पाहिले. मेले अगदी मापात बसले.

महिन्याभरानं बूट पुसून-बिसून परत आणून दिले तिनं, सोबत चॉकलेटचा डबा. मला राहवलं नाही. "सापडलं?"

"हो ताई! पहिल्याच दिवशी."

ती लिफ्टकडे वळल्यावर मी एक बूट उचलून शिलाईशी नाक नेलं. कच्च्या तेलाचा वास होता. तो नुसत्या पुसण्यानं जात नाही. लेक नाक मुरडून म्हणते, धुऊन टाक. मी अजून धुतलेले नाहीत. येता-जाता रॅकवर ते दिसतात, आणि आता मला बुटांचाही हेवा वाटतो.