शाळेसमोरची खोली

मैत्रिणींनो, मुलांसाठी शहरात खोली करायच्या विचारात असाल, तर आधी हे वाचा.

मागच्या महिन्यात लेकीचा अकोल्याच्या शाळेत येत्या वर्षाच्या चौथीला प्रवेश घेतला. शाळेसमोरच खोली केली. मी लेकीला घेऊन इथे, हे शेतीपायी गावात. एका घराच्या दोन चुली झाल्या.

आज पालकसभेत मॅडम हसत म्हणाल्या, "शहर वाढतंय, इमारत पुरत नाही. जूनपासून पहिली ते चौथी मूर्तिजापूर रोडच्या नव्या शाखेत भरेल. पाचवीपासून पुन्हा इथेच."

आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "स्कूलबस आहे ना."

बाहेर येऊन यांना फोन लावला. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थे इमारत तं आपल्या फाट्यालेच लागून हाये. पोरगी घरून पायी गेली असती."

मी म्हटलं, "मग बिऱ्हाड परत आणू का?"

"आन. अन् पाचवीले आखीन ने."

खोली घेण्याआधी मी शाळा कशी आहे, हे दहा जणींना विचारलं होतं. ती जूनमध्ये कुठे असेल, हे विचारायचं सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असतं का?